तेरड्याचं बी हाती का लागत नाही, आणि नको तिथे का उगवतं

गौरी उठल्या की ओळखीच्या घरांतून एक तक्रार ठरलेली. तेरड्याचं बी धरायचं म्हणून शेंगा झाडावरच राखून ठेवल्या होत्या, आज काढू उद्या काढू म्हणता म्हणता सगळ्या फुटून गेल्या. पुढच्या जूनमध्ये पहिला बरा पाऊस झाला की त्याच घरांतून दुसरी तक्रार येते: वाफ्यात पेरलं ते उगवलंच नाही, पण फरशीच्या सांध्यात, तुळशीच्या कुंडीत, मोरीच्या तोंडाशी मात्र तेरडाच तेरडा.

या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर इकडे ज्यांच्या घराला अजून मागचं-पुढचं अंगण शिल्लक आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. फ्लॅटवाल्यांना गॅलरीतल्या चार कुंड्यांतही तो येतो. इंदूरच्या नर्सरीत हेच झाड गुलमेहंदी किंवा बालसम नावाने मागावं लागतं. ‘तेरडा’ म्हटलं तर भैया तोंडाकडे बघत राहतो.

‘वाळू द्या, मग काढू’ इथे चालत नाही

आपण माळव्यातली माणसं. आजूबाजूला सोयाबीन, इंदूरला सोयाबीनची संशोधन संस्थासुद्धा आहे. सोयाबीनची शेंग वाळली की तिच्या सालांना पीळ पडतो आणि ती तडकते. वाल, घेवडा, गोकर्ण यांचंही तेच: शेंग तपकिरी होऊ द्यायची, हलवून खुळखुळ वाजली की काढायची. बी धरणाऱ्या माणसाच्या हाताला हीच सवय असते, आणि तेरड्याच्या बाबतीत हीच सवय घात करते.

तेरड्याची शेंग वाळून फुटत नाही, ती पाण्याने तट्ट भरलेली असताना फुटते. बाहेरून ती हिरवी, मऊ लव असलेली, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम दोन सेंटिमीटरची असते. नीट पाहिलं तर तिच्यावर लांबीच्या दिशेने पाच रेघा दिसतात. त्या रेघांवर पाच फोडी एकमेकींना चिकटलेल्या असतात. प्रत्येक फोडीच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी पाणी पिऊन फुगू पाहतात, आतली बाजू चिवट असल्यामुळे ताणली जात नाही. जोवर सांधे पक्के आहेत तोवर हा ताण नुसता साठत जातो. शेंग पिकली की सांधे कच्चे होतात. मग मुंगी चालली, थेंब पडला, शेजारचं पान घासलं, एवढं निमित्त पुरतं. पाचही फोडी झटक्यात आत वळून त्यांची सुरळी होते आणि मधल्या दांड्याला लागलेलं बी चहूकडे उडतं. हा सगळा प्रकार डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो. खाली जी वळलेली सालं पडलेली दिसतात ती अजून हिरवी आणि ओली असतात. ‘कच्चीच कशी फुटली?’ असं लोक विचारतात ते म्हणूनच. ती कच्ची नसते. पिकलेली तेरड्याची शेंग हिरवीच असते.

तेव्हा वाळायची वाट पाहणं म्हणजे बी सोडून देणं.

मग काढायची कधी?

रंगावर एक डोळा आणि स्पर्शावर दुसरा. कच्ची शेंग गडद हिरवी आणि टणक असते. पिकत आली की मधे फुगते, रंग उतरून पोपटी-पिवळसर होतो, रेघा स्पष्ट दिसतात आणि काही वेळा सालीतून आतल्या बियांची काळसर छाया जाणवते. अशी एक शेंग मुद्दाम मुठीत धरून फोडून बघा. बी तपकिरी किंवा काळपट निघालं तर त्या झाडावरच्या त्याच आकाराच्या बाकीच्या शेंगा काढायला हरकत नाही. पांढरं किंवा फिकट बी निघालं तर थांबा, पांढरं बी उगवत नाही. झाडावर शेंगा खालून वर पिकत जातात. खालच्या पिकल्या तेव्हा शेंड्याला अजून फुलं असतात. एका दिवशी बसून सगळं बी गोळा करीन म्हणणाऱ्याच्या पदरी निम्मंही पडत नाही.

काढताना चिमटीत देठ धरून ओढू नका, शेंग चिमटीतच फुटते आणि बी गादीवाफ्यात जातं. पूर्ण शेंग मुठीत घ्या, मूठ बंद करा, मग देठ तोडा. फुटायची ती मुठीतच फुटते, तळहाताला गुदगुल्या होतात एवढंच. लहान मुलं या कामावर आनंदाने लागतात, फक्त त्यांच्या हातून अर्धं बी अंगणातच उडतं.

ज्यांना रोज बघायला वेळ नाही त्यांनी हळदीकुंकवाला वाणाबरोबर येतात त्या जाळीच्या पोटल्या जपून ठेवाव्या. शेंगा भरायला लागल्या की फांदीच्या त्या भागावर पोटली चढवून नाडी सैल ओढायची. हवा खेळते, पाऊस आला तरी लवकर सुकतं, आणि शेंगा फुटल्या तरी बी पोटलीत राहतं. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो आणि आपल्या भाद्रपदाच्या दमटपणात दोन दिवसांत बुरशी येते. मधे झडीचे दिवस लागले आणि शेंगा तर भरल्यात, अशा वेळी अख्खी फांदी कापून कागदी पिशवीत उलटी टांगावी. पिकायच्या बेतात असलेल्या शेंगा पिशवीत फुटतात, कोवळ्या सुकून जातात.

बी सावलीत कागदावर पसरून आठवडाभर सुकवलं की कागदाच्या पाकिटात भरा, वर रंग लिहा. तेवढं पुरे.

पेरलेलं उगवत नाही, सांडलेलं उगवतं

याचं कारण बहुतेक वेळा खोली. तेरड्याचं बी मोहरीपेक्षा थोडं मोठं, गोल. त्याला जेमतेम झाकलं जाईल एवढीच माती लागते. आपण हरभरा टोचावा तसं बोट खुपसून टोचतो. वर आपली काळी माती, पाऊस पडून ऊन आलं की तिच्यावर पापुद्रा धरतो आणि खालचा नाजूक कोंब तो फोडू शकत नाही. फरशीच्या सांध्यात पडलेल्या बियांवर असलं ओझं नसतं, तिथे धुळीचा पातळ थर आणि ओल, म्हणून ते आठवड्यात वर येतात. वाफ्यात पेरायचंच तर वरच्या बोटभर थरात वाळू आणि चाळलेलं गांडूळखत मिसळा, बी भुरभुरा, हाताने नुसतं दाबा. कोंब आल्यावर सगळ्यात दाट भाग विरळ करा.

आता नको तिथे उगवलेल्यांचं. तेरडा उपटायला अतिशय सोपा: मुळं वरवर, देठ पाणीदार. पाऊस पडून गेल्यावर दोन बोटांनी ओढला तरी मुळासकट येतो. पण उपटून तिथेच ओल्या मातीवर टाकून दिला तर पेरांना मुळं फुटून तो पुन्हा उभा राहू शकतो. उपटला की देठ मोडा आणि उन्हाच्या फरशीवर टाका, संध्याकाळपर्यंत लोळागोळा होतो. फुलं यायच्या आधीचा तेरडा खुशाल घरच्या खतात घाला. शेंगा लागलेला मात्र घालू नका. घरच्या खताच्या ढिगाला बी मरण्याइतकी उष्णता सहसा येत नाही, आणि मग तेच खत कुंड्यांत गेलं की प्रत्येक कुंडीत तेरडा. तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून सकाळच्या गाडीत द्यावा.

एकही शेंग फुटू न देता दोन पावसाळे काढले तर अंगण बऱ्यापैकी मोकळं होतं. सगळा काढून टाकावा असं मी म्हणणार नाही. एका कडेला जागा ठरवून द्यावी, तिथेच वाढू द्यावा.

गौरीपर्यंत फुलत नाही

ही तक्रार मूळच्या कोकणातल्या घरांची. ज्यांच्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या असतात त्यांचं तेरड्यावाचून अडत नाही, पण ज्यांच्याकडे तेरड्याच्या रोपांचीच गौर होते त्यांना अनुराधा नक्षत्रावर मुळासकट, फुललेली रोपं हवी असतात. आणि इंदूरच्या बाजारात नेमक्या त्या दिवशी ती मिळतीलच याचा भरवसा नाही.

दोष झाडाचा नसतो, पंचांगाचा असतो. पेरल्यापासून फुलायला तेरडा साधारण साठ ते सत्तर दिवस घेतो आणि सण मात्र दरवर्षी जागा बदलतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक! ‘पहिला पाऊस पडला की तेरडा पेरायचा’ हा घरचा नियम उशिराच्या वर्षी छान जमतो, लवकरच्या वर्षी फसतो. कारण २७ ऑगस्टच्या मागे पासष्ट दिवस मोजले की २३ जून येतो, आणि इंदूरला मॉन्सून पोचतोच मुळी जूनच्या उत्तरार्धात. चतुर्थी ऑगस्टात असेल त्या वर्षी पावसाची वाट न बघता जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुंडीत, हलक्या सावलीत रोपं तयार करावीत आणि हाताने पाणी द्यावं. चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर जूनची अखेर चालते. कॅलेंडर हातात आलं की आधी भाद्रपद शुद्ध चतुर्थी बघायची आणि उलटं मोजायचं, सोबत दहा दिवस जास्तीचे धरायचे, कारण सलग ढगाळ आठवडे गेले तर तेरडा रेंगाळतो.

झाड दाट व्हावं म्हणून शेंडा खुडणारे लोक आहेत. खुडल्याने फुटवे येतात हे खरं, पण फुलं पुढे जातात. गौरीसाठीच्या रोपांना हात लावू नका. शेणखताचा मारा केलेल्या झाडाला नुसता पाला येतो, तेही बघा. आणि अर्धा दिवस तरी ऊन हवंच.

रोपं आडवी पडतात, पानांवर पांढरं येतं

लहान रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली तर पाणी साचलंय. निचरा सुधारा, रोपं विरळ करा, पाणी सकाळी द्या. सप्टेंबरच्या शेवटी पानांवर पांढरी पूड दिसते ती भुरी. त्या सुमाराला झाडाचं आयुष्यच संपत आलेलं असतं, औषध मारत बसण्यात अर्थ नाही. वाईट पानं तोडा, बी धरायचं ते धरा, झाड काढा.

डबल फुलाचं बी धरलं, सिंगल आलं

गुलाबासारखा भरगच्च तेरडा शेजारी, कुंपणापलीकडे रानटी एकेरी तेरडा, आणि मधे मधमाश्या. माशी फुलाच्या नळीत शिरते तेव्हा वरचे पुंकेसर तिच्या पाठीवर पांढरी पूड फासतात आणि ती पुढच्या फुलात पुसली जाते. मग बी मिसळीचं होणारच. शुद्ध बी हवं असेल तर कळी उमलायच्या आधीच फांदीवर तीच जाळीची पोटली चढवा. अनेक पिढ्यांचं घरचं बी असेल तर दरवर्षी सगळ्यात भरगच्च फुलांच्याच झाडाचं धरा, बाकीची शेंगा लागायच्या आत काढा.

नर्सरीत ‘इम्पेशन्स’ म्हणून जे ठेंगणं, चपट्या फुलांचं, बारमाही रोप विकतात तो आपला तेरडा नाही. ते मूळचं पूर्व आफ्रिकेचं किंवा न्यू गिनीचं. इंदूरच्या मे महिन्यात ते तग धरत नाही यात तुमची चूक नाही.

तेरड्याच्या घराण्यात जगभरात हजारावर जाती आहेत, भारतातच दोनशेच्या वर, बहुतेक सह्याद्रीत आणि हिमालयात. जोसेफ हूकर या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची शेवटची वर्षं, १९११ मध्ये वारेपर्यंत, याच घराण्याची वर्गवारी लावण्यात घातली. फुलं इतकी नाजूक की वाळवली की सगळा आकारच नाहीसा होतो, त्यामुळे वाळक्या नमुन्यांवरून जात ओळखणं म्हणजे शिक्षा. आपण निदान जिवंत फुलावरून ओळखतो.

मनालीहून आणलेलं बी उगवत नाही

सहलीला गेलेले कोणी तरी कुलू-मनालीकडून ‘तिकडचा तेरडा, माणसापेक्षा उंच!’ म्हणत बी आणतं. इंदूरला त्याचा कोंबही दिसत नाही. कारण साधं आहे: त्या बियांना उगवण्याआधी काही आठवडे ओलीतली थंडी लागते, बर्फाखाली मिळते तशी. आपली जानेवारी त्यांना पुरत नाही. फ्रीजमध्ये ठेवून उगवता येईल का, असाही प्रश्न येतो. करू नका, असं माझं सरळ मत आहे, आणि त्याचं कारण पुढे येतं.

परदेशातला ‘तेरडा’

अलीकडे मला सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात. कोणाची मुलगी इंग्लंडात, कोणाचा पुतण्या जर्मनीत. ऑगस्ट-सप्टेंबरात नदीकाठी फिरायला गेलं की डोक्याएवढा गुलाबी तेरडा, मैलभर. शेंगेला हात लावला की फुटतेही. घरची आठवण येते, गौरी जवळ आलेल्या असतात. मग प्रश्न: हाच आणू का घरी? पुढच्या वर्षासाठी बी धरून ठेवू का?

आधी ओळख पटवा. आपल्या तेरड्याची पानं देठावर एकाआड एक, फुलं पानांच्या बगलेत, देठाला लगटून, आणि शेंग लवदार. तिकडच्याची पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन, कडांना दाते, फुलं शेंड्याकडे लांब दांड्यांवर झुबक्याने, आकार शिरस्त्राणासारखा, खोड पोकळ आणि तांबूस, शेंग गुळगुळीत. वासही उग्र गोड. हा तेरडा नव्हे, त्याचा हिमालयातला भाऊबंद: इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्याकाठी नारिंगी फुलांचा जो दिसतो तो मात्र तिथलाच मूळ रहिवासी, त्याची काळजी नको. युरोपातल्या जंगलात अगदी बारीक पिवळ्या फुलांचा एक असतो, तोही बाहेरून, मध्य आशियातून आलेला.

हा हिमालयवाला तिकडे गेला कसा? जॉन फोर्ब्स रॉइल नावाचा इंग्रज डॉक्टर सहारनपूरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्याने पाठवलेलं काश्मीरकडचं बी १८३९ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचलं. शोभेचं झाड, वाढवायला सोपं, उंची दोन-अडीच मीटर. बागांतून बागांत वाटलं गेलं. १८५५ पर्यंत ते कुंपणाबाहेर रानात उगवलेलं सापडलं होतं. त्यानंतर नद्या त्याला घेऊन गेल्या.

इथे पुन्हा तीच शेंग, वर सांगितलेली, फक्त जोर जास्त. तिचं बी सात मीटरपर्यंत उडतं. एक झाड सुमारे आठशे बिया देतं. काठावर फुटली की निम्मं बी पाण्यात, आणि पाणी ते खालच्या काठावर लावतं. उन्हाळ्यात ही झाडं एवढी दाट होतात की खाली तिथली मूळची झुडपं-गवतं तगत नाहीत. थंडी पडली की हा वर्षायू जीव एकदम मरतो आणि काठ उघडा पडतो, मग पुराचं पाणी माती नेतं. दुसरा घाव मधमाश्यांकडून. फुलात मकरंद इतका की भुंगेमाश्या शेजारच्या देशी फुलांकडे फिरकेनाशा होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये हे मोजून दाखवलं: नदीकाठच्या एका देशी फुलाशेजारी हा लावला तर त्या फुलाकडे येणाऱ्या माश्या घटतात आणि त्याला बी कमी धरतं. मधपाळ लोक मात्र खूश असतात, पाठ पांढरी करून परतणाऱ्या माश्या त्यांना उशिरापर्यंत मध देतात. त्यामुळे तिकडेही या झाडावरून घराघरांत दोन मतं आहेत.

‘मग हिमालयात हाच प्रकार का नाही?’ हे विचारायलाच हवं. तिकडे त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्यावर पडणारा तांबेरा आहे. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना माहीत असतोच. याचा तांबेरा वेगळा, त्याच्याच घराण्यापुरता. क्यूला बी गेलं, तांबेरा गेला नाही. शेवटी इंग्रजांनी काय केलं? कॅबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिमालयात येऊन तोच तांबेरा शोधला, दुसऱ्या कुठल्या झाडाला तो धरत नाही ना हे वर्षानुवर्षं तपासलं आणि २०१४ मध्ये इंग्लंडात मुद्दाम सोडला. काही नद्यांवरच्या झाडांनी त्या भारतीय तांबेऱ्याला दादच दिली नाही, म्हणून पुढे पाकिस्तानातून आणलेला दुसरा वाण सोडावा लागला. काम अजून संपलेलं नाही.

आपला तेरडा तर त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पोचलेला. चीन, कोरिया, जपानकडे तो शतकानुशतकं आहे, कोरियात मुली त्याच्या पाकळ्या-पानं तुरटीबरोबर वाटून नखं रंगवतात. मेंदीतलं जे रंगद्रव्य, तेच याच्याही पानात असतं. पण थंड युरोपात तो कुंपण ओलांडून उपद्रवी झाला नाही. त्याला ऊब लागते, हिवाळा त्याच्या पथ्यावर पडत नाही. थंडीवाचून ज्याचं अडतं तो भाऊबंद तिकडे फोफावला. शेंगेचं यंत्र दोघांचं सारखंच, पण कोणती हवा कोणाला मानवते यावर सगळं ठरलं. आपल्याकडे विंध्याच्या उतारांवर पावसाळ्यात रानतेरडा रान रंगवतो आणि ऑक्टोबरात मुकाट जागा सोडतो, कारण इथे त्याच्या बरोबरीचे आणि त्याच्यावर जगणारे सगळे हजर आहेत. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण इथे बसून सुचते, टेम्स किंवा ऱ्हाइनच्या काठावर सुचली नसती.

आता प्रश्नांची उत्तरं, कारण मुलं फोनवर वाट बघत असतात.

फुललेल्या फांद्या घरी आणायच्या का? नाही. फुलांबरोबर खालच्या शेंगा येतातच, रस्ताभर बी सांडतं. युरोपीय संघाने २०१७ मध्ये हे झाड उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं, त्यामुळे जर्मनीत ते बाळगणं, वाढवणं, नेणं-आणणं कायद्याने बंद आहे. इंग्लंडातही ते रानात लावणं किंवा पसरू देणं गुन्हा आहे.

त्याची गौर करून नदीत विसर्जन? हे तर मुळीच नको. शेंगा लागलेली झाडं वाहत्या पाण्यात सोडणं हीच त्याची पसरण्याची पद्धत. इथे आपण तेरड्याची गौर पाण्यात सोडतो तेव्हा काही बिघडत नाही, तिथे बिघडतं.

घरामागच्या ओढ्याकाठी आपोआप उगवलंय, काढू का? जरूर काढा, आणि शेंगा धरायच्या आत, म्हणजे जून-जुलैत. मुळं वरवर असतात, हाताने येतं. देठ मोडून कोरड्या जागी ढीग घाला, पाण्याजवळ नको. बी मातीत दीड-दोन वर्षं जिवंत राहतं, म्हणून लागोपाठ दोन-तीन उन्हाळे त्याच जागी परत जावं लागतं, आणि वरच्या अंगाला कोणी काढत नसेल तर दर पुरात नवं बी येणारच. ब्रिटनमध्ये गावोगावचे स्वयंसेवक मिळून एखाद्या नदीच्या उगमाकडून खाली येत हे काम करतात. मुलांना शनिवार मोकळा असेल तर त्यांच्यात जावं. परतताना बुटांच्या तळव्यातला चिखल तिथेच खरवडून टाकावा, बी त्यात अडकून येतं.

मग इंदूरहून आपल्या तेरड्याचं बी कुरिअरने पाठवू का, हा आईचा प्रश्न. पाकिटात घालून असं पाठवू नका. इंग्लंडात काय आणि युरोपात काय, बाहेरच्या देशातून बी मागवायचं तर त्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नसेल तर ते कस्टमला अडतं. तिकडच्या बियांच्या दुकानांत बागेतला बालसम म्हणून आपलाच तेरडा रीतसर मिळतो. घरात खिडकीशी पेरायचा आणि थंडी पूर्ण ओसरल्यावरच बाहेर न्यायचा. मोजणी तीच, चतुर्थीपासून मागे, फक्त तिकडच्या कमी उबेसाठी तीनेक आठवडे जास्त धरायचे.

आणि तेही नाही जमलं तर खड्याच्या गौरी आहेतच. कोकणस्थांच्या कितीतरी घरांत पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून त्यांचीच गौर मांडतात. नदीकाठी जायचंच असेल तर तेरड्याला हात न लावता खडे उचला.